मल्हारच्या वेण्या आणि सप्तशृंगीचा गड

नाशिकहून सप्तशृंगीचा गड सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतका जवळ आहे. आम्हाला तिथे पोचायला सहा वर्षं लागली.

कारण साधं होतं. माझा मुलगा मल्हार वेळेआधी जन्मला आणि बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. तेव्हा माझ्या आईने बाहेरच्या बाकावर बसून देवीला नवस केला, की पोर जगलं तर त्याचं जावळ तुझ्या गडावर काढीन, आणि तोवर मी गोडाचा घास घेणार नाही. जावळ म्हणजे जन्मापासूनचे पहिले केस. ते निघेपर्यंत डोक्याला कात्री लावायची नाही. आमच्याकडे जावळ विषम वर्षातच काढतात, आणि मूल बसतं मामाच्या मांडीवर. मल्हारच्या पहिल्या वर्षी लॉकडाऊन लागलं. तिसऱ्यात माझे वडील गेले, त्या वर्षी घरात शुभकार्य नाही. पाचव्यात त्याचा मामा, जो मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे, कुठल्याशा बंदरात अडकला. एक वर्ष हुकलं की पुढची दोन जायची. तोवर केस कमरेपर्यंत आले आणि मल्हार पहिलीत गेला.

यंदा सातवं लागलं. मामा सुट्टीवर होता. डिसेंबरातला एक रविवार गुरुजींनी काढून दिला आणि मी तयारीला लागलो. सातपूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी काम करतो, त्यामुळे सामान काढणं, मोजणं आणि जागेवर ठेवणं याची मला सवय आहे आणि, खरं सांगायचं तर, आवडही. या प्रवासाचं लिहून ठेवतोय ते मुख्यतः लहान मुलांना घेऊन गडावर जाणाऱ्यांसाठी.

घरून निघण्याआधी

आमच्या घरची सकाळ सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बायको मनीषा नर्स आहे, सकाळपाळीला ती उजाडायच्या आत बाहेर पडते. डबे, पाण्याच्या बाटल्या, दप्तरं, बूट माझ्याकडे. कामांची यादी फ्रिजवर लावलेली असते. त्यात मल्हारच्या वेण्या घालण्याचं काम सईकडे आहे. सई त्याची मोठी बहीण, चौथीत. शाळेचा नियम असा, की लांब केस असतील तर दोन वेण्या आणि लाल रिबिनी. नियमात मुलगा-मुलगी असा भेद लिहिलेला नव्हता. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "वेण्या घालूनच पाठवा हो, सुट्या केसांना पोरं ओढतात." वेण्या ओढायला जास्त सोप्या असतात हे मी बोललो नाही.

त्यामुळे आमचा मुलगा रोज दोन लाल फुलं मिरवत शाळेत जायचा. त्याला त्याचं काही वाटत नसे. गॅदरिंगमध्ये त्याला गवळणीचं काम मिळालं, कारण वर्गात सगळ्यात लांब केस त्याचेच होते. ज्या मुलींना ते मिळालं नाही त्यांच्या आया महिनाभर माझ्याशी नीट बोलत नव्हत्या. नाशिकमध्ये एक सोय आहे: कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. भाजीवाली, रिक्षावाला, बँकेतला शिपाई, सगळे एकदा बघतात आणि विचारतात, "जावळ राहिलंय का?"

मल्हार तसा कमी बोलणारा. शाळेतून आला की मी विचारतो, काय झालं आज? काही नाही. डबा? खाल्ला. गृहपाठ? आहे. मला वाटायचं, स्वभाव आहे. सई मात्र रोज त्याला घेऊन गॅलरीत बसे आणि दार लोटून घेई. सुरुवातीला तिच्या वेण्या एक वर एक खाली अशा यायच्या. नंतर ती पाच पेडांची वेणी घालायला शिकली. व्हॅन यायच्या आत काम होत होतं, म्हणून मी त्यात कधी डोकावलो नाही.

शनिवार: दिंडोरी, वणी आणि घाट

मनीषाला शनिवारी रात्रपाळी होती. ती आणि तिचा भाऊ रविवारी सकाळी गाडीने येणार, आणि मी आई व दोन्ही मुलांना घेऊन आदल्या दिवशी एसटीने जाणार, असं ठरलं. एसटीचा आग्रह आईचा. तिच्या वयाला तिकीट लागत नाही, याचा तिला पेन्शनपेक्षा जास्त अभिमान आहे.

कंडक्टरने सईला अर्धं दिलं. मग मल्हारकडे पाहिलं. "ह्या पोरीचंबी अर्धंच ना?"

"मुलगा आहे," मी म्हटलं.

"मग मुलाचंबी अर्धंच," तो शांतपणे म्हणाला. "फुल फक्त तुमचं."

दिंडोरीच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात. या दिवसांत घड हिरवे आणि कडक असतात, बाया रांगेने वाकून विरळणी करत होत्या. शेजारच्या बाकावर वणीला उतरणाऱ्या एक काकू होत्या, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पाटी. त्यांनी मल्हारची वेणी हातात घेऊन तोलून पाहिली.

"कोणी घातली रं एवढी गुळगुळीत?"

मल्हारने सईकडे बोट केलं.

"माझ्या सुनेला नाय येत अशी," काकू म्हणाल्या. "उद्या काढणार व्हय? लय सुनं वाटंल बघ घर."

आई हसली. सई खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळाने तिने आजीला विचारलं, "मामाची गाडी बंद पडली तर?"

"दुसरी करून यील."

"दुसरी नाही मिळाली तर?"

"मग दोन वर्षांनी. पण मिळंल. तू नको काळजी करू."

सईने काळजीने विचारलं होतं असं मलाही तेव्हा वाटलं.

वणीला गाडी थांबली. स्टँडसमोर गरम मुगाची भजी मिळतात, सोबत तळलेली मिरची. घाटाच्या आधी मुलांना देऊ नका. मला हे माहीत होतं, मी त्यांना कोरड्या पोळ्या बांधून आणल्या होत्या. आईने माझी पाठ वळल्यावर दोघांना भजी दिली. नांदुरीपासून गडाचा घाट सुरू होतो, आणि तिसऱ्या वळणावर मल्हारचा चेहरा पांढरा झाला. पिशवी मी हाताशी ठेवलेलीच होती. पण पिशवी उघडायच्या आत सईने त्याच्या दोन्ही वेण्या मागे ओढून मुठीत धरल्या आणि दुसरा हात त्याच्या कपाळाला लावला. सगळं होईपर्यंत तिने वेण्या सोडल्या नाहीत. मग रिबिनी तपासल्या, कोरड्या आहेत म्हणून सांगितलं, आणि दोघंही समोरच्या मार्कंड्याच्या डोंगरावर गुहा दिसते का ते शोधायला लागले.

गडावर उतरताक्षणी माकडांनी स्वागत केलं. सूचना सगळीकडे लावलेल्या आहेत, मीही मुलांना बसमध्ये दोनदा सांगितलं होतं, की खाऊ हातात धरायचा नाही. मुलांनी ऐकलं. माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये चिवडा होता. एक जाडजूड माकड आलं, माझ्यासमोर बसलं, चेन सरकवली आणि पुडी घेऊन झाडावर गेलं. त्याने चेन बंद केली नाही एवढंच.

"बाबा," सई म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होता."

मल्हार इतका हसला की त्याला उचकी लागली.

संध्याकाळी जेवायला भक्तनिवासाजवळच्या एका घरगुती खानावळीत गेलो. पिठलं, बाजरीची भाकरी, खुरासणीची चटणी. गडावर हवा गार, भूक चांगली लागते. वाढणाऱ्या मावशींनी सगळी चौकशी केली. मुलाला कितवं, मामा कुठचा, नवस कशाचा. आईने काचेच्या पेटीपासून सगळं सांगितलं. मावशींनी तिच्या पानात गुळाचा खडा ठेवायला हात पुढे केला, तो आईने अडवला. "उद्या," ती म्हणाली. "उद्या दुपारी दोन खडे ठेव."

मग मावशी सईकडे वळल्या. "चला, उद्यापासून ताईचं एक काम कमी झालं."

सईने अर्धी भाकरी तशीच ठेवली. पोट भरलं म्हणाली. मी ती भाकरी खाल्ली.

रविवार: मामाची मांडी

मामा वेळेवर आला. माझा हा मेहुणा कोल्हापूरचा, आवाज जहाजाच्या इंजिनाशी स्पर्धा करून तयार झालेला. मनीषा रात्रपाळी करून गाडीत झोपत आली होती, तिच्या गालावर सीटच्या शिलाईची खूण होती.

"काय मल्हारराव, शेवटी सापडलासा की," मामा म्हणाला. "सहा वर्षं तुमच्या आजीनं माझ्या मांडीचं बुकिंग करून ठेवलंय."

तो आजूबाजूला बघत होता. "आमच्याकडं जोतिबावर जावळ म्हणजे नुसता गुलाल, ढोल, सगळा गाव. हितं शांत कारभार दिसतोय."

"हितं देवी समोर बसलीय," आई म्हणाली. "तिला ऐकू येतं."

आमच्यात आधी जावळ, मग दर्शन. न्हाव्याचं दुकान बाजाराच्या मागे, एका चिंचेखाली. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक खुर्ची आणि जावळासाठी खाली अंथरलेलं घोंगडं. मी सामान काढलं. नारळ, हळद-कुंकू, नवा टॉवेल, जंतुनाशक, कापूस, नव्या पात्यांचं बंद पाकीट, नवे कपडे, टोपी. केस आत्याने झेलायचे असतात. मला बहीण नाही, म्हणून झेलायचं पांढरं कापड आईने सईच्या हातात दिलं. सईने ते घेतलं आणि घडी न उलगडता छातीशी धरलं.

मामा मांडी घालून बसला, मांडीवर थाप मारली. "या राजे."

मल्हार उभाच राहिला. मग म्हणाला, "मी नाही बसणार."

मला याची अपेक्षा होती. सहा वर्षांच्या मुलाला वस्तऱ्याची भीती वाटणारच. त्यासाठी मी आधीपासून तयारी केली होती. त्याला दुसऱ्या मुलांच्या जावळाचे व्हिडिओ दाखवले होते, साध्या पट्टीने डोक्यावर कसं वाटेल ते करून दाखवलं होतं, एवढंच काय, स्वतः न्हाव्याकडे त्याला समोर बसवून दाढी करून घेतली होती. मी पाकीट फोडून पातं दाखवलं.

"हे बघ, नवं आहे. दुखत नाही. तू पाहिलंस ना माझं?"

"हो."

"मग?"

"नाही बसणार."

मामाने क्रिकेटची बॅट कबूल केली. मग बॅट आणि हेल्मेट. मग जहाजाच्या कप्तानाची खरी टोपी. मनीषाने जवळ घेऊन विचारलं, पोटात दुखतंय का, काल ओकलास म्हणून. मान हलवून नाही. मी रोपवेची एक जास्तीची फेरी कबूल केली. त्याने ती ऐकली, क्षणभर विचारही केला असावा, आणि पुन्हा नाही म्हणाला. तो रडत नव्हता, हट्टाने पाय आपटत नव्हता. मी काही वेळा बिलात चूक सापडली की पुरवठादारासमोर जसा उभा राहतो, तसा उभा होता.

न्हाव्याला घाई होती, मागे अजून दोन कुटुंबं बसली होती. तो म्हणाला, "धरून बसवा साहेब. सगळी अशीच करतात. दोन मिनिटं रडतंय, मग हसतंय."

खरं म्हणजे मीही तेच करणार होतो. मुलाला मामाच्या मांडीत धरायला दोन माणसं पुरतात, आणि आम्ही पुरेसे होतो. पुन्हा दोन वर्षं थांबायचं तर तो आठ वर्षांचा होणार, आई ऐंशीला टेकणार. मी आईकडे पाहिलं. सहा वर्षं तिने दिवाळीत फराळ केला आणि चाखला नाही. सईच्या वाढदिवसाला केक कापताना चुकून बोट चाटलं जाऊ नये म्हणून ती हात मागे धरायची. ती घोंगड्याच्या कडेला बसली होती आणि हाताने घोंगड्याचे केस काढत होती.

मामा आईला हळू म्हणाला, "मावशी, नसंल बसत तर ऱ्हाऊ दे की. पुढच्या खेपेला यीन की मी."

"दोन वर्षं कोणी पाहिलीत," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "पण धरू नको त्याला. मागताना मी रडले होते. तेवढं रडणं बास झालं."

मागची दोन कुटुंबं पुढे सरकली. आम्ही चिंचेच्या पारावर येऊन बसलो. माझ्या हातात उघडं पातं होतं, ते कुठे ठेवावं कळत नव्हतं.

"त्याला वस्तऱ्याची भीती नाहीये, बाबा," सई म्हणाली.

"मग कशाची?"

"त्यालाच विचारा ना."

"विचारतोय तर मघापासून. बोलतो का तो?"

"समोरून विचारलं की नाही बोलत," ती म्हणाली. "मागून बोलतो."

मी काही बोलायच्या आत तिने मनीषाच्या पर्समधला कंगवा काढला. मल्हारला म्हणाली, "चल, रिबिनी सैल झाल्यात." ते दोघं पाराच्या पलीकडच्या अंगाला गेले, जिथे चिंचेची दोन मुळं वर आली आहेत. तो खालच्या मुळावर बसला, ती वरच्या. तिने दोन्ही वेण्या सोडल्या. त्याचे सुटे केस एवढे आहेत हे मीही बऱ्याच दिवसांनी पाहत होतो. रोज मला फक्त बांधलेले दिसायचे.

मी झाडाच्या अलीकडे होतो. चोरून ऐकायला गेलो नव्हतो, पण उठूनही गेलो नाही.

काही वेळ फक्त कंगव्याचा आवाज. मग तो बोलायला लागला. घरात मी कधी ऐकला नव्हता असा सलग, न थांबता, थोडा गाणं म्हटल्यासारखा आवाज.

"वेदांतनं शुक्रवारी माझ्या डब्यातला बटाटा घेतला आणि म्हणाला मी नाही घेतला. पण त्याच्या मिशीला हळद होती."

"वेदांतला मिशी आहे?"

"जिथे येते तिथे. मग मी बाईंना नाही सांगितलं, कारण त्याच्या डब्यात रोज नुसता भातच असतो. आणि सर म्हणाले पीटीला मुलं इकडे, मुली तिकडे. मी मध्येच उभा राहतो. मध्ये झाडाची सावली येते. आता मला उन्हात उभं राहायला लागेल."

"टोपी घाल."

"टोपी काढायला लावतात. आणि ताई, आर्या म्हणाली केस गेल्यावर मी तुझ्याशेजारी बसणार नाही. मी म्हटलं नको बसू."

"बरं केलंस."

"पण मला वाईट वाटलं."

कंगवा थांबला, पुन्हा सुरू झाला. न्हाव्याकडे दुसरं कुणाचं तरी बाळ मोठ्याने रडत होतं.

"ताई."

"हं."

"उद्यापासून तू सकाळी काय करशील?"

"काय माहीत. पुस्तक वाचीन."

"मग मी तुला केव्हा सांगू?"

सईच्या हातातली वेणी अर्ध्यावर आली होती.

"संध्याकाळी तुझा क्लास असतो," तो म्हणाला. "रात्री आजी गोष्ट सांगते. आईला सांगायला लागलं की ती झोपते. बाबांना सांगितलं तर ते म्हणतात मुद्द्याचं सांग. मुद्दा शेवटी येतो ना."

मी पातं पुन्हा कागदात गुंडाळलं. ते बराच वेळ गुंडाळत होतो.

"दात घासताना सांग," सई म्हणाली.

"तोंडात फेस असतो."

"मग मोजे घालताना."

"मोजे मी एका मिनिटात घालतो."

"मग हळू घाल."

तो विचार करत होता. "एक मोजा घालायचा आणि थांबायचं?"

"हो. आणि पाठ करून बस. तशीच, रोजच्यासारखी."

"केस नसले तरी?"

"केस नसले तरी."

तिने दुसरी वेणी पूर्ण केली, रिबीन बांधली, आणि तिचं फूल नीट उघडलं. पाच पेडांची होती. तिने घाई केली नव्हती. मग दोघं पाराला वळसा घालून आले आणि मल्हार सरळ जाऊन मामाच्या मांडीवर बसला, पाठ मामाकडे करून. बॅटबद्दल कुणी काही बोललं नाही. मामाच म्हणाला, "बॅट द्यायचीच हाय मला, घाबरू नगंस."

मामाने पहिली कात्री लावली. वेण्या मानेपाशी सबंध कापल्या, एक, मग दुसरी. सईने कापड पसरलं होतं. त्यात त्या रिबिनींसकट पडल्या. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने कापडाची चारही टोकं जुळवून गाठ मारली, आणि मग मनीषाच्या कुशीत तोंड घालून थोडी रडली. न्हाव्याने पुढचं काम खरंच दोन मिनिटांत केलं. मल्हारच्या डोक्याचा आकार कसा आहे हे आम्हाला सहा वर्षांनी कळलं. मागून थोडा चपटा आहे, माझ्यासारखा.

रोपवेने वर गेलो. मुलांची मजा सुरू व्हायच्या आत तो वर पोचतो, तरी लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर पायऱ्यांचा हट्ट धरू नये. देवी कड्यात कोरलेली आहे, उभी, शेंदरी, मान थोडी कललेली. रांगेतून तिथे पोचल्यावर जेमतेम दोन श्वास मिळतात. आईने ते केसांचं गाठोडं पायाशी ठेवायला दिलं आणि हात जोडून काहीतरी पुटपुटली.

खाली येऊन पेढे घेतले. सगळे आईभोवती उभे. मनीषाने पेढा तिच्या तोंडाजवळ नेला. आईने अर्धा तोडला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. मामानेसुद्धा आवाज केला नाही.

"कसा आहे?" मी विचारलं.

"हल्ली पेढे लय गोड करतात," ती म्हणाली, आणि उरलेला अर्धा मल्हारच्या तोंडात घातला. पण दुपारी खानावळीतल्या मावशींनी ठेवलेले दोन्ही गुळाचे खडे तिने खाल्ले, आणि तिसरा मागितला.

जाणाऱ्यांसाठी

रविवारी गर्दी असते, जमल्यास मधला वार धरा. चैत्रात मोठी यात्रा असते, तेव्हा लहान मुलांना नेऊ नये. घाटाआधी भजी नको. खाऊ बॅगेत, बॅग पाठीवर नाही, पुढे. थंडीत गडावर राहणार असाल तर नुकतं जावळ काढलेल्या मुलासाठी दोन टोप्या घ्या, एक माकड नेतं. पाराजवळ बसायला जागा आहे, न्हाव्याकडे वेळ लागला तरी बसता येतं.

सोमवार: नाशिक

सकाळी मनीषा कामावर गेली होती. डबे भरले, बाटल्या भरल्या. वेण्यांचं काम आता नव्हतं, त्यामुळे आम्ही वेळेच्या पुढे असायला हवे होतो. नव्हतो. बाहेरच्या खोलीत मल्हार जमिनीवर बसला होता, एका पायात मोजा, दुसरा हातात. सई त्याच्या मागे खुर्चीवर, हात मांडीत रिकामे. तो बोलत होता. खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला.

मी खिडकीतून हात केला. "तुम्ही व्हा पुढे, मी सोडतो त्यांना."

व्हॅनवाला बघत राहिला. इतक्या वर्षांत आमची व्हॅन कधी चुकली नव्हती.

दुसरा मोजा चढल्यावर स्कूटर काढली. सई मागे बसली, मल्हार पुढे उभा राहिला, दोन्ही हात हँडलच्या मध्ये. टोपीखालचं त्याचं डोकं माझ्या हनुवटीला लागत होतं. पहिल्या सिग्नलपर्यंत तो गप्प होता. मीही काही विचारलं नाही. सिग्नल सुटला, आणि त्याने समोर बघतच सुरू केलं, की गडावरचं ते माकड आहे ना बाबा, त्याला चेन उघडता येते म्हणजे त्याला कुणीतरी शिकवलं असणार, आणि ज्याने शिकवलं त्यालाही आधी कुणीतरी शिकवलं असणार.

"हं," मी म्हटलं.

मग एक माकडांची शाळा आली. तिच्यात चेनचा तास होता. त्या वर्गात वेदांतसारखं एक माकड होतं. शाळेचं फाटक डाव्या हाताला आलं, तेव्हा त्या माकडाचा डबा अजून उघडायचा होता. मी सरळ पुढे गेलो.

"बाबा," सई मागून म्हणाली, "शाळा मागे राहिली."

"माहितीये," मी म्हटलं. "पुढच्या चौकातून वळू. हं, मग डब्यात काय होतं?"